पाहिला नाही, पण राग आला!

परदेशातून सिनेमा येतो आणि आपल्याकडे वाद पेटतो. सिनेमा आपल्या गावात लागतच नाही, वाद मात्र मोबाइलवर घरपोच येतो. मग आपण नेमकं कशावर भांडतोय?

२१ जुलै २०२३. क्रिस्टोफर नोलनचा ‘ओपनहायमर’ भारतात लागला. त्याच दिवशी ‘बार्बी’ही आला. रील्सवर दोन्हींचा नुसता धुमाकूळ होता. आणि पहिल्याच वीकेंडला आपल्याकडे एक वाद उभा राहिला. तो अणुबॉम्बवरून नव्हता. सिनेमातल्या एका प्रणयप्रसंगात नायिका संस्कृत पुस्तक उघडते आणि नायकाला त्यातली ओळ वाचायला लावते. ती ओळ गीतेतली. आमचा पवित्र ग्रंथ अशा प्रसंगात दाखवलाच कसा, म्हणून बहिष्काराचे हॅशटॅग फिरले. खुली पत्रं लिहिली गेली. सेन्सॉर बोर्डानं हे पास केलंच कसं, अशी विचारणा झाली.

आता जरा जपानला चला. तिथं तो सिनेमा त्या जुलैत लागलाच नाही. तो आठ महिन्यांनी, २९ मार्च २०२४ ला लागला. गीतेच्या ओळीचा तिथं प्रश्नच नव्हता. त्यांना आधी झोंबली ती ‘बार्बेनहायमर’ची मीम्स. गुलाबी बार्बी आणि मागे अणुस्फोटाचा ढग! ‘बार्बी’च्या अमेरिकी अकाउंटनं त्या मीम्सना हसून दाद दिली, तेव्हा वॉर्नर ब्रदर्सच्या जपानी शाखेनं आपल्याच मुख्य कंपनीबद्दल जाहीर नाराजी व्यक्त केली आणि कंपनीला माफी मागावी लागली. सिनेमा लागल्यावर तिथले प्रेक्षक विचारू लागले, की तीन तासांच्या सिनेमात हिरोशिमा-नागासाकीत मेलेली माणसं दिसत का नाहीत?

सिनेमा तोच, फ्रेम त्याच. पण इथं एक जखम दुखली, तिथं दुसरी. एका देशात बनलेली किंवा चार देशांच्या पैशांतून, चार देशांच्या माणसांनी मिळून बनवलेली गोष्ट जेव्हा पाचव्या देशात पोचते, तेव्हा हे होणारच. प्रश्न आहे तो त्यानंतर आपण काय करतो याचा. आणि हा प्रश्न मुंबई-दिल्लीचा जितका आहे, तितकाच आपल्या धाराशिवचा आहे.

तेरची बाई, पाँपेईचं घर

विश्वास बसत नसेल तर गोरोबाकाकांच्या तेरला जा. धाराशिवहून फार लांब नाही. दोन हजार वर्षांपूर्वी हेच गाव ‘तगर’ नावानं समुद्रापलीकडे माहीत होतं. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक व्यापारी ग्रंथात त्याचा उल्लेख आहे. इथला माल बंदरांवर जायचा आणि तिथून रोमन जगात. तेरच्या लामतुरे संग्रहालयात हस्तिदंती स्त्रीमूर्ती आहे. तिच्याशी साधर्म्य असलेली मूर्ती १९३८ मध्ये कुठं सापडली माहितीये? इटलीतल्या पाँपेईत, इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या एका घरात.

आता गंमत बघा. सापडली तेव्हा लोक तिला ‘पाँपेईची लक्ष्मी’ म्हणाले. पुढं अभ्यासक म्हणाले, लक्ष्मी नसावी, यक्षी असावी. आणि त्या रोमन घरात तिचं काम काय होतं? एखाद्या छोट्या टेबलाचा पाय किंवा आरशाची मूठ असावी, असा अंदाज आहे. म्हणजे जिला इकडं कदाचित हात जोडले जात असतील, ती तिकडं फर्निचरचा भाग! त्या रोमन माणसाला आपल्या श्रद्धेचा अपमान करायचा होता का? त्याला बहुधा ती कोण हेही ठाऊक नसणार. त्याला ती सुंदर वाटली, एवढंच.

गोष्टी, मूर्ती, गाणी, सिनेमे प्रवासाला निघाले की मूळ अर्थ सगळाच्या सगळा सोबत नेत नाहीत. पाहणारा आपला अर्थ त्यात घालतो. दोन हजार वर्षांपूर्वी भांडण झालं नाही, कारण तेरच्या कारागिराला पाँपेईतलं टेबल दिसत नव्हतं. आज तुम्हाला सगळं दिसतं. तेही वीस सेकंदांच्या क्लिपमध्ये, मागे भडक म्युझिक लावून.

नेमकं काय दुखलं?

‘भावना दुखावल्या’ हे दोन शब्द आपण इतके वापरतो, की त्यांच्या आत काय आहे हे बघायचंच राहून जातं. महाराष्ट्रात गाजलेले काही वाद नीट पाहिले तर प्रत्येक वेळी दुखलेली जागा वेगळी दिसते.

पहिला वाद नावांचा. दीपा मेहता या कॅनडात राहणाऱ्या भारतीय दिग्दर्शिकेचा ‘फायर’ १९९६ मध्ये टोरंटो महोत्सवात दाखवला गेला. दिल्लीतलं एकत्र कुटुंब, दोन जावा, दोघींचे कोरडे संसार आणि दोघींमध्ये फुलणारं प्रेम. शबाना आझमी आणि नंदिता दास यांनी त्या जावा केल्या होत्या. आपल्या सेन्सॉर बोर्डानं प्रौढांसाठीचं प्रमाणपत्र देऊन तो पास केला. नोव्हेंबर १९९८ मध्ये तो लागला, काही आठवडे शांतपणे चालला. मग २ डिसेंबरला गोरेगावच्या सिनेमॅक्सवर शिवसेनेच्या महिला आघाडीचा मोर्चा धडकला, काचा फुटल्या, खेळ बंद पडला. दुसऱ्या दिवशी दिल्लीच्या रीगलमध्ये तेच. आक्षेप दोन होते. असलं काही आपल्या संस्कृतीत नसतंच, हा एक. आणि या दोघींची नावं राधा आणि सीता का, हा दुसरा. सिनेमा पुन्हा सेन्सॉरकडे गेला आणि फेब्रुवारी १९९९ मध्ये पुन्हा एकही कात्री न लागता बाहेर आला.

पण या वादाची दुसरी बाजू फार कमी सांगितली जाते. रीगलसमोर त्याच डिसेंबरात काही बायका पोस्टर घेऊन उभ्या राहिल्या. आम्ही भारतीय आहोत आणि आम्ही लेस्बियन आहोत, असं त्यावर लिहिलं होतं. ‘असलं काही नसतंच’ या वाक्याला ते जिवंत उत्तर होतं. समलैंगिक संबंधांना गुन्हा ठरवणारी कलम ३७७ मधली तरतूद सर्वोच्च न्यायालयानं रद्द केली ६ सप्टेंबर २०१८ ला. म्हणजे ज्यांना सिनेमा झोंबला ते प्रेक्षक होते, तसे ज्यांना सिनेमात पहिल्यांदा स्वतः दिसल्या त्याही प्रेक्षकच होत्या.

दुसरा वाद थेट कथेचा. ‘द दा विंची कोड’, २००६. येशू ख्रिस्तानं मेरी मॅग्डालीनशी लग्न केलं होतं आणि त्यांचा वंश चालू राहिला, अशी कल्पना करणारी रहस्यकथा. ख्रिस्ती श्रद्धेच्या गाभ्यालाच ती हात घालते. मुंबईत काही कॅथलिक संघटना रस्त्यावर उतरल्या, उपोषणं झाली. तेव्हाचे माहिती आणि प्रसारणमंत्री प्रियरंजन दासमुन्शी यांनी चर्चच्या प्रतिनिधींसोबत सिनेमा पाहिला. प्रौढांसाठीचं प्रमाणपत्र आणि ‘हे काल्पनिक आहे’ ही सूचना, या अटींवर तो एक आठवडा उशिरा, २६ मेला लागला. तरीही नागालँड, पंजाब, तमिळनाडू, आंध्र प्रदेश यांसारख्या राज्यांनी बंदी घातली. मजा म्हणजे ज्या कादंबरीवर तो बेतलाय, ती २००३ पासून आपल्या पुस्तकांच्या दुकानांत राजरोस विकली जात होती.

तिसरा वाद कथेचाही नाही, दाखवण्याचाच. इराणच्या माजिद माजिदींचा ‘मुहम्मद: द मेसेंजर ऑफ गॉड’ (२०१५). दिग्दर्शक इराणी, कॅमेरामन इटलीचा व्हित्तोरिओ स्तोरारो, संगीत आपल्या ए. आर. रहमानचं. सिनेमा श्रद्धेनं बनवलेला. पैगंबरांचा चेहरा कुठंही दाखवलेला नाही. तरी इजिप्तच्या अल-अझहरसारख्या सुन्नी संस्थेनं विरोध केला. मुंबईत रझा अकादमीच्या पुढाकारानं माजिदी आणि रहमान यांच्याविरुद्ध फतवा निघाला. पैगंबरांना पडद्यावर आणणंच मान्य नाही, मग ते कितीही आदरानं असो, ही त्यामागची धारणा. शियाबहुल इराणमध्ये तोच सिनेमा सरकारी पाठबळावर तयार होऊन थिएटरात चालला. म्हणजे एकाच धर्माच्या आतही ‘चालतं’ आणि ‘चालत नाही’ची रेघ वेगवेगळ्या जागी आहे. रहमाननं फेसबुकवर पत्र लिहून आपली बाजू मांडली. आपण विद्वान नाही, चांगल्या हेतूनं काम केलं, आणि उद्या देवानंच विचारलं की माझ्या पैगंबरांवरच्या सिनेमाला संगीत का दिलं नाहीस, तर काय सांगू, असा त्याचा सूर होता. २०२० च्या जुलैत हा सिनेमा ऑनलाइन येणार म्हटल्यावर महाराष्ट्राच्या तेव्हाच्या गृहमंत्र्यांनी, अनिल देशमुख यांनी, तो थांबवण्यासाठी केंद्राला पत्र लिहिलं.

चौथा वाद आपल्याकडे पाहण्याच्या नजरेचा. पायल कपाडियाच्या ‘ऑल वी इमॅजिन अॅज लाइट’ला २०२४ मध्ये कान महोत्सवात ग्रां प्री मिळालं. भारत, फ्रान्स आणि आणखी काही देशांचा पैसा त्यात आहे. गोष्ट मात्र अस्सल मुंबईची. दोन मल्याळी नर्स आणि त्यांच्याच हॉस्पिटलमध्ये स्वयंपाक करणारी, रत्नागिरीकडची पार्वती. आपल्या छाया कदमनं ती केलीय. कागदपत्रं नाहीत म्हणून बिल्डर तिला घराबाहेर काढायला निघालाय. धाकट्या नर्सचं एका मुस्लीम मुलावर प्रेम आहे. ऑस्करसाठी भारताची अधिकृत निवड करणाऱ्या ज्युरीनं तो निवडला नाही, आणि नंतर फेडरेशनच्या अध्यक्षांनी सांगितलं, की ज्युरीला तो भारतात घडणारा युरोपियन सिनेमा वाटला. इथं देवाधर्माचा प्रश्न नव्हता. प्रश्न होता, ‘आपला’ सिनेमा कोणता? पुण्या-मुंबईत जगायला गेलेल्या आपल्या जिल्ह्यातल्या कुठल्याही मावशीला ती पार्वती परकी वाटेल का, हे तुम्हीच पाहून ठरवा.

ही उदाहरणं एका ओळीत ठेवा. हिंदू, ख्रिस्ती, मुस्लीम, प्रत्येकाची पाळी आलेली दिसेल. जो आज दुसऱ्याच्या वादावर ‘एवढं काय त्यात’ म्हणून हसतो, तो उद्या स्वतःच्या वादात रडवेला होतो. ‘तुमच्या वेळी बोलला नाहीत, आमच्याच वेळी कसं सुचतं?’ हे वाक्य तिन्ही बाजूंच्या ग्रुपवर, तिन्ही वेळा, सारखंच फिरतं.

कोर्टाच्या डोळ्यांपुढचा प्रेक्षक

मग सिनेमा दाखवायचा की नाही, हे कुणाच्या मनानं ठरवायचं? सगळ्यात लवकर चिडणाऱ्याच्या?

याचं एक सुरेख उत्तर आपल्याच राज्यातून गेलंय. १९४० च्या दशकात नागपूर उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी एका खटल्यात मोजपट्टी घालून दिली. शब्दांचा परिणाम जोखताना समंजस, खंबीर आणि धीट माणूस डोळ्यांपुढे ठेवायचा. डळमळीत मनाचा किंवा प्रत्येक विरोधी मतात धोका हुंगणारा माणूस ठेवायचा नाही. चार दशकांनी ही मोजपट्टी पुन्हा बाहेर निघाली. १९८८ मध्ये दूरदर्शनवर गोविंद निहलानींची ‘तमस’ ही फाळणीवरची मालिका सुरू झाली आणि ती थांबवावी म्हणून मुंबई उच्च न्यायालयात याचिका आली. न्यायमूर्ती लेंटिन आणि न्यायमूर्ती सुजाता मनोहर यांनी काय केलं? आधी मालिका पाहिली, मग निकाल दिला. मालिका चालू राहिली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं तेव्हा तिथंही नागपूरची ती मोजपट्टी मान्य झाली.

पुढच्याच वर्षी, १९८९ मध्ये, एस. रंगराजन खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं आणखी एक गोष्ट स्पष्ट केली. सेन्सॉरनं पास केलेला सिनेमा ‘दंगा होईल’ या भीतीनं थांबवता येत नाही. दंगा होऊ न देणं हे सरकारचं काम आहे.

आणि ‘दा विंची कोड’? आंध्र प्रदेशातली बंदी उच्च न्यायालयात टिकली नाही. बंदीचा आदेश काढणाऱ्यांनी सिनेमाच पाहिलेला नव्हता, यावर न्यायालयानं बोट ठेवलं. म्हणजे न पाहता रागावण्याचा मान फक्त आपल्या ग्रुप अॅडमिनचा नाही, सरकारी फायलीचाही आहे!

याचा अर्थ काहीही बोलावं, कुणालाही डिवचावं असा नाही. धर्मभावना दुखावण्याबद्दलचं २९५-अ हे जुनं कलम १९२७ मध्ये आलं. आता ते भारतीय न्याय संहितेत कलम २९९ म्हणून आहे. त्यात ‘हेतुपुरस्सर आणि द्वेषबुद्धीनं’ ही अट आहे, पण ती सिद्ध होते की नाही हे कोर्टात ठरतं. तोवर पोलीस ठाणं, वकील, बुडालेली परीक्षा आणि घरच्यांची झोप याला कुणी भरपाई देत नाही. सिनेमा न पाहता दुसऱ्याच्या देवावर टाकलेलं एक स्टेटस इतकं महाग पडू शकतं. नोकरीच्या पोलीस व्हेरिफिकेशनला पुढं कधीतरी तुम्हालाच सामोरं जायचंय.

उलटंही घडतं बरं का

परक्या धर्माचा, परक्या देशाचा सिनेमा पाहून फक्त भांडणंच झाली असती, तर आज भारतात सिनेमाच उशिरा आला असता. १९१० च्या सुमाराची गोष्ट. मुंबईत एका तंबूवजा चित्रगृहात ‘लाइफ ऑफ ख्राइस्ट’ हा मूकपट लागला होता. प्रेक्षकांत एक मराठी माणूस बसला होता, त्र्यंबकेश्वरला जन्मलेला, संस्कृत पंडिताचा मुलगा. पडद्यावर येशू होता, पण त्या माणसाच्या मनापुढून कृष्ण आणि राम सरकत होते. आपल्या देवांना असं पडद्यावर कधी बघायला मिळेल, हा विचार त्याला झोपू देईना. त्यानं बायकोला, सरस्वतीबाईंना, घेऊन तो पुन्हा पाहिला. पुढं विलायतेला जाऊन यंत्र आणलं, आणि ३ मे १९१३ ला ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांपुढे आला. धुंडिराज गोविंद फाळके. दादासाहेब.

विचार करा, तो सिनेमा ‘त्यांच्या’ देवाचा आहे म्हणून फाळके उठून गेले असते तर? किंवा कुणी तो बंद पाडला असता तर?

दुसरं उदाहरण उलट्या दिशेचं. प्रभातचा ‘संत तुकाराम’ (१९३६). दामले-फत्तेलाल यांचं दिग्दर्शन, विष्णुपंत पागनीस तुकाराम. १९३७ मध्ये तो व्हेनिस महोत्सवात दाखवला गेला आणि जगातल्या निवडक उत्तम चित्रपटांत गणला गेला. पंढरपूर कुठंय हे माहीत नसलेल्या, वारी म्हणजे काय हे न कळणाऱ्या माणसांनी विठ्ठलाच्या भक्ताला दाद दिली. त्यांना सगळं समजलं असेल का? नसेलच. तेरच्या मूर्तीसारखंच काही वाटेत गळून पडलं असेल. पण जे पोचलं तेही थोडं नव्हतं.

आपल्या जिल्ह्याला हे नवं नाही

तुळजापूरची भवानी, कुंथलगिरीचं जैन तीर्थ, धाराशिव शहरातला हजरत ख्वाजा शमसुद्दीन गाझींचा दर्गा आणि त्याचा उरूस, शहराजवळची प्राचीन लेणी. एवढ्याशा जिल्ह्यात इतकी श्रद्धास्थानं. निजामाच्या राज्यातून आपण १९४८ मध्ये बाहेर पडलो. जिल्ह्याच्या नावावरूनही वर्षानुवर्षं दोन मतं होती. उस्मानाबादचं धाराशिव झालं तेव्हा तुमच्या वर्गातही ती दिसली असतील. म्हणजे वेगवेगळ्या भावनांच्या शेजारी राहण्याचा सराव आपल्याला पुण्या-मुंबईपेक्षा कमी नाही.

जानेवारी २०२० आठवतोय? ९३ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन आपल्याकडे भरलं. अध्यक्ष होते फादर फ्रान्सिस दिब्रिटो, वसईचे कॅथलिक धर्मगुरू, ‘सुबोध बायबल’ मराठीत आणणारे लेखक. ख्रिस्ती धर्मगुरू मराठी संमेलनाचा अध्यक्ष कसा, म्हणून आधी बराच विरोध झाला, धमक्यांच्याही बातम्या आल्या. विरोध करणाऱ्या सगळ्यांनी त्यांचं एखादं पुस्तक वाचलं होतं का, कोण जाणे. संमेलन झालं. दिब्रिटोंचं अध्यक्षीय भाषण झालं. तुमच्यापैकी कुणी शाळेच्या ग्रंथदिंडीत चाललं असेल, कुणाच्या घरचे मांडवात बसले असतील. गावानं आधी ऐकून घेतलं. फादर दिब्रिटो २०२४ मध्ये गेले, पण त्या तीन दिवसांचा हा धडा आपल्याकडे शिल्लक आहे.

मग करायचं काय?

पुढच्या वेळी ‘या सिनेमावर बहिष्कार टाका’ असा फॉरवर्ड आला, किंवा त्याच्या उलट ‘हे लोक असलेच, यांना सगळंच टोचतं’ असा आला, की बोट शेअरवर जाण्याआधी चार प्रश्न विचारा.

पाहिलाय कुणी? पाठवणाऱ्यानं, त्याला पाठवणाऱ्यानं, निदान बातमी देणाऱ्यानं? मास कॉमला आम्हाला पहिल्या सेमिस्टरपासून घोकून घेतलेली गोष्ट ही, की ज्याचा स्रोत ट्रेलर आहे, ती सिनेमाबद्दलची बातमी नव्हे.

नेमकं काय खटकलं? नाव, दृश्य, कथा, दाखवणंच, की बनवणारा माणूस? ‘फायर’चा आक्षेप आणि ‘मुहम्मद’चा आक्षेप एका मापानं मोजता येत नाही. जागा कळली की बोलणं सुरू होतं.

मागणी काय आहे? टीका करायची आहे, सुरुवातीला सूचना हवी आहे, दृश्य काढायचं आहे, की कुणालाच पाहू द्यायचं नाही? यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. टीका हा तुमचा हक्क आहे. न पाहणं हाही हक्क आहे. तुमच्या मुस्लीम मित्राला पैगंबरांवरचा सिनेमा बघायचा नसेल, तर ‘किती मागास रे’ म्हणून त्याला पिडू नका. ‘दा विंची कोड’ लावल्यावर तुमची ख्रिस्ती मैत्रीण उठून गेली तर तिला जाऊ द्या. पण तिकीट काढून बसलेल्या दुसऱ्याला उठवायचा हक्क कुणाला नाही.

आणि चौथा, सगळ्यात अवघड. हाच नियम उलट्या बाजूनं मला चालेल का? त्यांच्या सिनेमाला जो नियम लावतोय, तोच माझ्या आवडत्या सिनेमाला कुणी लावला तर?

राग आलाच, तर तो लिहून काढा. कॉलेजच्या भित्तिपत्रकावर, वार्षिक अंकात, या पानाकडे पाठवा. दृश्य कोणतं, त्यात काय खटकलं आणि का, हे चार परिच्छेदांत लिहायला बसलात की अर्धा राग स्पष्ट होतो आणि उरलेला पटवून देता येतो.

असे सिनेमे आपल्याकडच्या पडद्यावर सहसा लागत नाहीत, ही अडचण खरी आहे. पण मराठवाड्यातच, छत्रपती संभाजीनगरला, अजिंठा-वेरूळ आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव भरतो. एसटीनं जाता येतं. आणि कॉलेजात प्रोजेक्टर आहेच. महिन्यातून एक शनिवार, अधिकृत मार्गानं मिळवलेला एक सिनेमा, वीस-पंचवीस जण, आणि नंतर अर्धा तास गप्पा. वेगवेगळ्या घरांतली पोरं-पोरी एकत्र बसली, तर बाजूची व्यक्ती कुठं हसते आणि कुठं गप्प होते, हे दिसतं. मोबाइलवर एकट्यानं पाहताना ते कधीच दिसत नाही.

कुठून सुरू कराल?

हरिश्चंद्राची फॅक्टरी (२००९): परेश मोकाशींचा मराठी सिनेमा. फाळके येशूचा मूकपट पाहतात तिथपासून ‘राजा हरिश्चंद्र’पर्यंत. हसत-खेळत जातो. गप्पांसाठी प्रश्न: परक्या गोष्टीतून आपली गोष्ट कशी सुचते?

चिल्ड्रन ऑफ हेवन (१९९७): ‘मुहम्मद’वाल्या माजिदींचाच. भाऊ-बहीण आणि दोघांत मिळून एक बुटांचा जोड. ऑस्करच्या परभाषा विभागात नामांकन मिळालेला पहिला इराणी चित्रपट. प्रश्न: यातलं घर तुमच्या गल्लीतल्या कुठल्या घरासारखं वाटलं?

संत तुकाराम (१९३६): आजीलाही बोलवा. प्रश्न: वारी माहीत नसलेल्या माणसाला यातलं काय कळेल आणि काय निसटेल?

ऑल वी इमॅजिन अॅज लाइट (२०२४): प्रौढांसाठीचा आहे, वय बघून लावा. प्रश्न: हा ‘आपला’ सिनेमा आहे का? हो किंवा नाही म्हणाल, त्यापुढे ‘कारण’ हा शब्द जोडून वाक्य पूर्ण करा.